प्रश्नाचे स्मारक

हे टिपण आम्ही दोघे मिळून लिहीत आहोत. दोघेही मराठीचे अध्यापक, दोघांचीही चाळिशी उलटलेली आणि दोघांचीही नोकरी कायम झालेली. शेवटचा तपशील मुद्दाम दिला आहे. पुढे त्याची गरज पडणार आहे.

काही महिन्यांपूर्वी एका महाविद्यालयात 'साहित्यिक आणि सत्ता' या विषयावर एकदिवसीय चर्चासत्र झाले. समारोपाच्या सत्रात आमच्यापैकी एकाकडे अध्यक्षपद होते आणि एकीचे भाषण होते. या विषयावर बोलायचे म्हणजे कऱ्हाडचे संमेलन ओघाने येतेच. तसे ते आले. दुर्गा भागवतांचे नाव निघताच सभागृहात टाळ्या झाल्या. भाषण संपल्यावर एम. ए.च्या दुसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीने हात वर केला. सूत्रसंचालकांनी अत्यंत नम्रपणे सांगितले की, वेळेअभावी प्रश्नोत्तरे घेता येणार नाहीत, जिज्ञासूंनी चहाच्या वेळी वक्त्यांना भेटावे. त्यानंतर आभारप्रदर्शन झाले. संस्थेच्या अध्यक्षांपासून ध्वनिक्षेपकवाल्यापर्यंत कोणीही त्यातून सुटले नाही आणि त्याला वीस मिनिटे पुरली नाहीत. मंचावरून आम्ही हे सारे पाहत होतो. 'आभार पाच मिनिटांत आटपा, त्या मुलीला बोलू द्या,' एवढे अध्यक्षांना म्हणता आले असते. ते म्हटले गेले नाही.

चहाच्या वेळी ती मुलगी आलीच. म्हणाली, ''मॅडम, दुर्गाबाईंनी काय केलं ते दर वर्षी कोणीतरी सांगतं. पण त्या दिवशी मांडवात बाकीचे एवढे लेखक आणि प्राध्यापक होते, त्यांनी पुढे काय केलं? हे कुठल्या पेपरात येतं?'' आम्ही कौतुकाने हसलो. 'चांगला प्रश्न आहे, वाच यावर' असे म्हटले आणि बशीतला बटाटेवडा उचलला.

'वाच यावर' हे मराठीच्या अध्यापकाजवळचे सर्वांत सभ्य असे गप्प बसवण्याचे साधन आहे. त्या दिवशी आपण ते वापरले, याची टोचणी आजही लागून आहे. हे लेखन तिच्यातूनच निघाले आहे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. प्रश्न विचारणाऱ्यांचा गौरव करणे आणि प्रश्न विचारणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आणि मराठीच्या अभ्यासविश्वात पहिली गोष्ट दुसरीला टाळण्यासाठी केली जाते. आपण प्रश्नाचे स्मारक उभारले आहे. स्मारकाला हार घालता येतो. स्मारक आपल्याकडे वळून काही विचारत नाही.

कऱ्हाडची हकीकत सर्वांना ठाऊक आहे असे आपण गृहीत धरतो, म्हणून तिच्यातला महत्त्वाचा भाग निसटतो. जून १९७५मध्ये आणीबाणी लागू झाली. जयप्रकाश नारायण यांना अटक झाली. मूत्रपिंडे निकामी झाल्यावर नोव्हेंबरमध्ये त्यांना सोडण्यात आले आणि मुंबईच्या जसलोक रुग्णालयात त्यांच्यावर उपचार सुरू झाले. वृत्तपत्रांवर सेन्सॉरची नजर होती. अशा वेळी, वर्षाच्या अखेरीस, कऱ्हाडला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. अध्यक्षपदी 'ऋतुचक्र', 'व्यासपर्व' आणि 'पैस'च्या लेखिका दुर्गा भागवत होत्या. स्वागताध्यक्ष होते यशवंतराव चव्हाण, तेव्हाचे केंद्रीय परराष्ट्रमंत्री. दुर्गाबाईंनी लेखनस्वातंत्र्याच्या गळचेपीविरुद्ध स्पष्ट शब्दांत भूमिका घेतली आणि जयप्रकाशांच्या प्रकृतीला आराम पडावा म्हणून त्याच व्यासपीठावरून प्रार्थनेचे आवाहन केले. पुढे १९७६मध्ये त्यांना अटक झाली, तुरुंगवास भोगावा लागला. तेव्हा त्या साठी ओलांडलेल्या, ग्रंथालयात बसून काम करणाऱ्या एक संशोधक होत्या.

ही कथा आपण धैर्याची कथा म्हणून सांगतो. ती धैर्याची आहेच. परंतु हे धैर्य कोणासमोर दाखवले गेले, ते पाहा. यशवंतराव हे दरडावणारे, पुस्तकांचे वावडे असलेले सत्ताधीश नव्हते. ते चोखंदळ वाचक होते, स्वतः लिहीत होते, साहित्यिकांत रमणारे होते. मुख्यमंत्री असताना त्यांनीच १९६०मध्ये साहित्य संस्कृती मंडळाची स्थापना केली आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्यासारख्या विद्वानाकडे त्याची धुरा सोपवली. मराठी वाङ्मयव्यवहार त्यांचा ऋणी होता आणि संमेलन तर त्यांच्याच परिसरात, त्यांच्याच पाहुणचाराखाली भरले होते. टगेगिरी करणाऱ्यापुढे ताठ उभे राहणे अवघड असते, पण तेथे निदान आपण कोणापुढे उभे आहोत हे स्पष्ट असते. आपले अगत्य करणाऱ्या, आपले पुस्तक वाचलेल्या, आपल्या संस्थेला आधार दिलेल्या माणसाच्या मांडवात, 'तुम्ही ज्या सरकारात बसला आहात ते अन्याय करीत आहे,' असे सुचवणे त्याहून कितीतरी अवघड. साहित्याच्या प्रांतात सत्ता बहुधा छडी घेऊन येत नाही. ती शाल आणि श्रीफळ घेऊन येते.

याच प्रकारचा दुसरा प्रसंग त्याआधी नव्वद वर्षांचा आहे. न्यायमूर्ती रानडे यांनी १८८५मध्ये पुण्यात भरणाऱ्या ग्रंथकार सभेचे निमंत्रण जोतीराव फुले यांना दिले. जोतीरावांनी पत्र लिहून नकार कळवला. जे लोक सर्व माणसांचे हक्क मनमोकळेपणाने मान्य करीत नाहीत आणि तसे वागतही नाहीत, त्यांच्या सभांशी आणि पुस्तकांशी आमच्या सभांचा आणि पुस्तकांचा मेळ बसत नाही, असा त्या पत्राचा आशय. हे पत्र आपण विद्रोही साहित्यविचाराचा आरंभबिंदू म्हणून शिकवतो. पण ते ज्यांना लिहिले गेले ते रानडे कोण होते? दहाच वर्षांपूर्वी, १८७५मध्ये, स्वामी दयानंदांच्या पुण्यातील मिरवणुकीत सनातन्यांचा रोष पत्करून रानडे आणि फुले दोघेही सामील झाले होते. म्हणजे जोतीरावांनी प्रश्न विचारला तो शत्रूला नव्हे. सुधारणेच्या बाजूच्या, सज्जन आणि विद्वान माणसाला विचारला. 'तुमची सभा ग्रंथकारांची आहे, पण ग्रंथकार म्हणजे कोण हे तुम्ही कोणाला विचारून ठरवले?' हा त्या नकारामागचा खरा सवाल होता आणि तो आजही कोणत्याही संमेलनाला विचारता येतो.

या दोन प्रसंगांवरून एक निकष मांडावासा वाटतो. दूरच्या, आपल्यापर्यंत हात न पोहोचणाऱ्या सत्तेला प्रश्न विचारणे हा फार तर व्यायाम आहे. प्रश्नाची परीक्षा जवळच्या सत्तेसमोर होते. जिच्या हातात आपली बढती, आपले निमंत्रण, आपला पुरस्कार, आपल्या प्रबंधावरची सही असते, ती सत्ता. आणि ती सत्ता चांगली, प्रेमळ, आपल्याच विचारांची असेल, तर परीक्षा अधिक कडक.

यावर नेहमीचे आक्षेप येतात. पहिला असा की, साहित्यिकाने राजकारणात पडू नये. गंमत अशी की, मंत्र्याने संमेलनाच्या मंचावर बसणे, शासनाच्या अनुदानावर संमेलन उभे राहणे, स्वागताध्यक्षपद राजकीय नेत्याकडे जाणे, याला कोणी राजकारण म्हणत नाही. त्या मंचावरून प्रश्न आला की मात्र राजकारण सुरू होते. दुसरा आक्षेप 'विधायक' टीकेचा. 'प्रश्न विचारा, पण विधायक विचारा.' विधायक म्हणजे काय हे ज्याला प्रश्न विचारला आहे त्यानेच ठरवायचे, अशी यातली मेख आहे. तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो आम्हांला मान्यही आहे: आज जो तो प्रश्नच विचारतो आहे, अभ्यास कोणी करीत नाही. खरे आहे. दुर्गाबाईंच्या शब्दाला वजन होते ते लोकसाहित्यापासून बौद्ध वाङ्मयापर्यंतच्या प्रदीर्घ व्यासंगामुळे. तयारीवाचून केलेला प्रश्न म्हणजे पुष्कळदा केवळ आवाज असतो. पण हा आक्षेप घेणाऱ्यांनी एक सांगावे. अभ्यास करून आलेल्यांना तरी आपण वेळ देतो का?

प्रश्न आणि धमकी यांतही भेद केला पाहिजे, कारण हल्ली धमकीसुद्धा प्रश्नाचा वेष घेते. प्रश्न विचारणारा समोरच्याला उत्तराची जागा ठेवतो. धमकी देणारा ती जागाच काढून घेतो. २०१९च्या जानेवारीत यवतमाळच्या संमेलनात काय झाले ते आठवावे. उद्घाटक म्हणून नयनतारा सहगल यांना निमंत्रण गेले होते. मराठीच्या संमेलनाला इंग्रजी लेखिका कशाला, असा 'प्रश्न' एका पक्षाच्या स्थानिक कार्यकर्त्यांनी उपस्थित केला आणि त्याच्या जोडीला कार्यक्रम उधळण्याचा इशारा होता. आयोजकांनी निमंत्रण मागे घेतले. त्या पक्षाच्या प्रमुखांनी पुढे आपला विरोध नसल्याचे जाहीर केले. तरीही गेलेले निमंत्रण परत आले नाही. महामंडळाचे अध्यक्ष श्रीपाद भालचंद्र जोशी यांनी राजीनामा दिला, अनेक साहित्यिकांनी संमेलनाकडे पाठ फिरवली. अरुणा ढेरे यांनी अध्यक्षपदावरून निमंत्रण रद्द करण्याच्या कृतीबद्दल नापसंती व्यक्त केली. सहगल यांचे न झालेले भाषण मराठीत छापले गेले, लोकांनी ते वाचले.

आता कऱ्हाड आणि यवतमाळ शेजारी ठेवून पाहा. नयनतारा सहगल या इंदिरा गांधींच्या आतेबहीण. आणीबाणीला त्यांनी घरातल्या सत्तेविरुद्ध जाऊन विरोध केला. 'रिच लाइक अस' या त्यांच्या कादंबरीला आणीबाणीचीच पार्श्वभूमी आहे. त्याच कादंबरीला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि तो त्यांनी २०१५मध्ये, एका वेगळ्या पक्षाच्या राजवटीत, वाढत्या असहिष्णुतेच्या निषेधार्थ परत केला. सत्तेचा पक्ष बदलला म्हणून त्यांचा प्रश्न बदलला नाही. त्यांचे वडील रणजित सीताराम पंडित हे महाराष्ट्रीय वंशाचे, 'राजतरंगिणी'चे इंग्रजी भाषांतरकार. म्हणजे दुर्गाबाईंची आठवण काढण्याचा अधिकार ज्या पाहुणीला सर्वांत अधिक होता, तिलाच मराठी संमेलनाने दारातून परत पाठवले. कऱ्हाडला प्रश्न विचारला गेला आणि शिक्षा नंतर झाली. यवतमाळला प्रश्न विचारला जाण्याआधीच निमंत्रण गेले. हा फरक लक्षात ठेवावा असा आहे. तुरुंगात टाकलेल्या माणसाचे स्मारक होते. रद्द झालेल्या निमंत्रणाचे होत नाही.

डिसेंबर २०२२मध्ये याची पुढची पायरी दिसली. कोबाड गांधी यांच्या 'फ्रॅक्चर्ड फ्रीडम' या पुस्तकाच्या अनघा लेले यांनी केलेल्या अनुवादाला राज्य शासनाचा वाङ्मय पुरस्कार जाहीर झाला आणि काही दिवसांतच शासन निर्णय काढून तो रद्द करण्यात आला. पुरस्काराची निवड करणारी समितीही बरखास्त झाली. त्या पुस्तकाशी कोणाचे मतभेद असतील तर असोत, त्यावर कडाडून टीका करावी. पण तज्ज्ञांनी केलेली निवड प्रशासनाने पुसून टाकणे ही टीका नव्हे. काहींनी शासकीय मंडळांतून राजीनामे दिले, काहींनी पुरस्कार नाकारले, हे नोंदवलेच पाहिजे. हे राज्य पुरस्कार यशवंतराव चव्हाणांच्या नावाने दिले जातात. कऱ्हाडच्या स्वागताध्यक्षांच्या मांडवात निदान अध्यक्षीय भाषण पूर्ण झाले होते.

येथवर लिहिणे सोपे होते. कारण येथवर आम्ही इतरांविषयी बोलत होतो. आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे यावे लागते. बाकीच्यांनी काय केले?

बाकीचे म्हणजे आम्ही. आमच्या विभागांत प्रश्न कसा मरतो ते आम्हांला चांगले ठाऊक आहे. प्रथम वर्षाला मुले प्रश्न विचारतात. 'सर, ही कविता चांगली का?' असा भाबडा, म्हणून अत्यंत अवघड प्रश्नही विचारतात. तिसऱ्या वर्षापर्यंत त्यांना कळते की गाइडमध्ये कवितेची 'सौंदर्यस्थळे' दिलेली आहेत आणि ती पाच आहेत. पदव्युत्तर वर्गात त्यांना कळते की अमुक समीक्षकाचे नाव घेतले तर तमुक सरांना आवडत नाही. पीएच. डी.ला आल्यावर तर मार्गदर्शकाच्या ग्रंथाचा उल्लेख संदर्भसूचीत नसणे हा शिष्टाचारभंग ठरतो. मौखिक परीक्षेत बाहेरून आलेले परीक्षक विचारतात, उमेदवार उत्तर देतो, आणि प्रबंधातल्या निष्कर्षाशी असहमत असलेला श्रोता बाहेरच्या व्हरांड्यात बोलतो. मग कोणा सरांची एकसष्टी येते, गौरवग्रंथ निघतो, त्यात प्रत्येक लेख 'सरांच्या समीक्षेतील' काहीतरी 'वैशिष्ट्ये' सांगतो. 'सरांच्या समीक्षेतील मर्यादा' असा लेख गौरवग्रंथात आम्ही अजून वाचलेला नाही. आम्ही दोघांनीही अशा ग्रंथांत लिहिले आहे. वैशिष्ट्येच लिहिली आहेत.

'नॅक'ची समिती येण्यापूर्वी विद्यार्थ्यांची जी तयारी करून घेतली जाते, तीही सांगितली पाहिजे. ग्रंथालय किती वाजेपर्यंत उघडे असते, तक्रारपेटी कोठे आहे, अडचण आली तर कोणाकडे जाता, याची उत्तरे पाठ करून घेतली जातात. तक्रारपेटी कोठे आहे हे पाठ असलेला, पण तिच्यात कधी चिठ्ठी न टाकलेला विद्यार्थी आपण घडवतो. दुसऱ्या दिवशी तोच विद्यार्थी वर्गात जोतीरावांच्या त्या पत्रावर टीप लिहितो. त्याला दहापैकी आठ गुण मिळतात.

याला केवळ भित्रेपणा म्हणून चालणार नाही. प्रश्न विचारण्याला आर्थिक पायाही लागतो. आज मराठीच्या किती विभागांत तासिका तत्त्वावरचे सहकारी निम्म्याहून अधिक ओझे वाहत आहेत, ते प्रत्येकाने आपल्या विभागात पाहावे. ज्याची नेमणूक दर वर्षी नव्याने होते, सुट्टीत ज्याला मानधन नसते, ज्याची पुढची मुलाखत त्याच संस्थेच्या कार्यालयात व्हायची आहे, त्याने सभेत उठून प्राचार्यांना प्रश्न विचारावा अशी अपेक्षा करणे हा कायम नोकरीवाल्यांचा उद्दामपणा आहे. तो गप्प बसतो, कारण त्याच्या घराचे भाडे थकलेले असते. म्हणून प्रश्न विचारण्याची जबाबदारी सर्वांवर सारखी नसते. ज्याला गमावण्यासारखे कमी आहे त्याच्यावर ती अधिक असते. आमची नोकरी कायम आहे, हे आरंभी सांगितले ते यासाठी. आम्हांला कोणी तुरुंगात टाकणार नव्हते. कोणी नोकरीवरून काढणार नव्हते. फार तर पुढच्या चर्चासत्राचे निमंत्रण आले नसते. तेवढ्या किमतीलाही आम्ही तयार झालो नाही, आणि व्याख्यान मात्र तुरुंगवास भोगलेल्या बाईंवर दिले.

अधिकाराच्या जागेवरील माणसाला प्रश्न विचारणे म्हणजे त्याचा अपमान करणे, ही समजूत आपल्या हाडीमांसी भिनली आहे. वस्तुतः प्रश्न हा त्या जागेचा सन्मान आहे. ज्याच्याकडून उत्तराची अपेक्षाच नाही, त्याला कोणी प्रश्न विचारत नाही. दुर्गाबाईंनी यशवंतरावांच्या मांडवात आपले म्हणणे मांडले, कारण तेथे बोलण्याला अर्थ आहे असे त्यांनी मानले. जोतीरावांनी रानड्यांना पत्र लिहिले, कारण ते वाचतील याची त्यांना खात्री होती. आपल्याला विद्यार्थी प्रश्न विचारत नाहीत तेव्हा त्यांना आपल्याविषयी आदर आहे असे समजून आपण सुखावतो. त्यांनी आपल्याकडून उत्तराची आशा सोडलेली असते, हा अर्थ अधिक संभवतो.

मोठ्या प्रतिज्ञा करण्याचा आम्हांला अधिकार नाही. दोन साध्या गोष्टी केल्या, त्या सांगतो. यापुढे ज्या चर्चासत्राच्या कार्यक्रमपत्रिकेत आभारप्रदर्शनाच्या आधी प्रश्नोत्तरांची वेळ छापलेली नसेल तेथे आम्ही जाणार नाही, असे निमंत्रकांना कळवू लागलो आहोत. एकाने ती छापली, एकाने पुन्हा फोन केला नाही. दुसरे असे की, त्या मुलीचा प्रश्न आम्ही आमच्या वर्गांत अंतर्गत मूल्यमापनाला जसाच्या तसा घातला: कऱ्हाडच्या संमेलनात उपस्थित असलेल्या इतर साहित्यिकांची व अध्यापकांची जबाबदारी कोणती होती? आता तो प्रश्न निदान एका पेपरात येतो.

बहुतेकांनी दुर्गाबाईंविषयी जे ठाऊक होते ते लिहिले. एका मुलाने मात्र अर्धे पानच लिहिले. चर्चासत्राला तोही सभागृहात होता. त्याने लिहिले की, कऱ्हाडचे आपल्याला सांगता येत नाही, पण गेल्या सत्रात एका मुलीने हात वर केला तेव्हा सर मंचावर अध्यक्ष होते आणि आपण तिसऱ्या रांगेत होतो. दोघांपैकी कोणीच काही बोलले नाही.

हे उत्तर विषयाला धरून आहे की नाही, यावर विभागात चर्चा झाली. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांच्या मते ते उद्धट आहे. आमच्या मते ते अपुरे आहे, पण त्यात चूक काहीच नाही. गुणपत्रक अजून गेलेले नाही.